काउंटची स्वयंपाकीण आणि माझं प्लेनोचं घर

मी, श्रीमती शैलजा इनामदार, वय शहात्तर, राहणार प्लेनो, टेक्सास, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने डॉक्टरांना विचारावं.

१. आमची जमीन मी लग्न होऊन येण्याआधीच कूळकायद्यात गेली होती. वाटायला रुबाब तेवढा उरला, आणि तो यजमानांनी हयातीत पुरेपूर वापरला. घराण्याची तलवार धाकटे दीर शंतनूराव न विचारता घेऊन गेले. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. दसऱ्याच्या झेंडूखेरीज तिने काही अंगावर घेतलेलं नाही.

२. मोत्यांची नथ नात केया हिला. चांदीचं पानदान आणि अत्तरदाणी फ्रीमाँटला राहणारा माझा मुलगा अनीश याला. त्याने ती गराजमध्ये टाकू नयेत.

३. राहतं घर माझ्या पश्चात सीमा साळोखे हिच्या ताब्यात, ती हयात असेतोवर राहील. त्यानंतर ते अनीशचं. तोवर त्याला ते विकता येणार नाही आणि तिला तिथून हलवता येणार नाही. टॅक्स आणि दुरुस्ती माझ्या बचतीतून व्हावी.

याचं कारण लिहून ठेवते. सीमा माझ्या सासरच्या आचाऱ्याची मुलगी. लग्न करून डॅलसला आली, नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. अजून मला वहिनीसाहेब म्हणते. मागच्या हिवाळ्यात इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी आमच्याकडे एक जुना इटालियन विनोदी चित्रपट लावला. कफल्लक काउंट, म्हणजे तिकडचा जहागीरदार, गळका महाल, आणि चांदीच्या ताटात उकडलेला सलगम वाढणारी म्हातारी स्वयंपाकीण. "काकू, ही तर तुमचीच स्टोरी यार," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसले. शेवटी काउंट मरतो, वारस पडद्यांवरून भांडतात आणि स्वयंपाकीण गाठोडं घेऊन फाटकाबाहेर उभी राहते. तेव्हाही सगळे हसले. सीमा उठून चहा टाकायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

त्याच आठवड्यात अनीशचा फोन. "आई, तुझ्यानंतर सीमामावशीसाठी एखादी छान फॅसिलिटी बघू ना. शी विल बी फाइन." फॅसिलिटी म्हणजे वृद्धाश्रम. अनीश, तू वाईट नाहीस. पण मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

४. हे कलम सह्यांच्या आधी टेबलावरच वाढवत आहे. आमच्या घराण्यात कागदावर साक्षीला नोकर बोलवायची पद्धत होती. ते हाताशी असत, आणि कागदातून त्यांना काही मिळायचं नसे. सीमाच्या वडिलांचे अंगठे आमच्या कित्येक कागदांवर आहेत. त्याच रीतीने आज सीमा इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून सही करायला आली.

वकील राधिका म्हणाली, "सॉरी मावशी, तुम्ही साइन नाही करायचं. विलमध्ये ज्यांना काही मिळतंय, ते विटनेस नसतात."

सीमाने पेन तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "वहिनीसाहेब, माझं नाव आत आहे?"

आहे. म्हणून साक्षीला शेजारचे बोलावले.

साक्षीदार: १. देवांग शहा (सही) २. प्रीता नायर (सही)

शैलजा इनामदार (सही)
प्लेनो, ८ मार्च २०२५