गेरूचा पट्टा

पोखर्णी, १७ जानेवारी १९८४. संध्याकाळ.

मानववंशशास्त्र म्हणे! बी.ए.च्या दोन वर्षांत एवढंच शिकलो, की माणूस समोर बसलेला असला तरी त्याला वहीतच शोधायचं. आज सरांनी पुण्याहून आणलेला आमचा अख्खा वर्ग मेंढपाळांच्या तळावर नेला. आधी दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यांचा घेर टेपनं मोजला. मग एका मेंढीच्या मानेवरच्या गेरूच्या पट्ट्यावर बोट ठेवून मेंढपाळाला विचारलं, "हे तुमच्या कुळाचं पवित्र चिन्ह का?"

"हाव साहेब. लय जुनं हाय. देवाचंच हाय," तो चेहरा अजिबात न हलवता म्हणाला.

सरांनी भराभरा लिहून घेतलं. वर्गानं माना डोलावल्या. गाढवं सगळी! दोन कळप मिसळले तर आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून असतो तो पट्टा. दिवाळीच्या सुट्टीत मीच ओढलाय, ह्याच हातानं. तो मेंढपाळ माझा सख्खा मामा.

मग बोललो का नाही? कारण वर्गात मी स्वतःला वालूरच्या बड्या बागायतदाराचा मुलगा म्हणवतो. उलट सर बघत होते म्हणून त्या पट्ट्याचं चित्र काढलं. लाल पेन्सिलीनं, अगदी नीट.

मामानं मला तळावर शिरतानाच ओळखलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मी मान फिरवली. निघताना त्यानं सगळ्यांना शेळीचं दूध दिलं. माझ्यापुढे पेला धरला आणि म्हणाला,

"घ्या साहेब. तुमचं गाव कोनतं?"