कामठीच्या व्याह्यांना लंकेच्या बोटीची हकीकत

इंदोरा, नागपूर

आदरणीय व्याही भैय्याजी यांना इंदोऱ्याच्या आनंदरावाचा हात जोडून जयभीम. विहीणबाई मैनाबाईंनाही तसाच, पण थोडा जास्त वाकून, कारण घरातला खरा कारभार कोणाच्या हाती असतो हे गिरणीत जन्म काढलेल्या माणसालाही कळते. इकडे सर्व खुशाल आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो कौशल्येच्या लग्नाच्या मांडवातही कुरकुरत होता, म्हणजे तब्येत होती तशीच आहे असे समजावे. तुमचा खोकला कसा आहे? मागावर बसताना नाकाला फडके बांधत जा. सुताची धूळ छातीत बसली की कोणाचे ऐकत नाही.

कौशल्या कशी आहे, असे मी पुढे विचारणार होतो. पण तिचे पहिले बाळंतपण तुमच्याकडे कामठीला व्हायचे की इकडे माहेरी, या विषयावर पत्रात एक अक्षर लिहिणार नाही असा शब्द मी आमच्या घरच्या कांताबाईला दिला आहे. (तिचे म्हणणे, मी लिहायला बसलो की बिघडवून ठेवतो.) तेव्हा पोरीला सातवा सरत आला, तिच्या आईने जुनी लुगडी धुऊन मऊ करून ठेवली, मेथी निवडून डब्यात भरली, हे काहीही मी लिहिणार नाही. मी फक्त बोटीवरच्या माणसांविषयी लिहिणार आहे. ते लिहिणेही भाग आहे, कारण जावईबापू शरच्चंद्र यांच्याबरोबर तुमचा निरोप आला, "व्याह्याले सांग, बाळंतपण इथंच होईन. तुम्ही आपले बोटीत हिंडा." हा निरोप ऐकला आणि मला कळले की तुम्ही बाळंतपणावर रागावलेले नसून बोटीवर रागावलेले आहात.

आता यात माझे काय चुकले ते तुम्हीच सांगा. बुद्धजयंतीला तुमच्या कामठीच्या विहारात मी तुम्हाला भर मंडळींत विचारले होते, की आमच्या विहाराची माणसे थंडीत लंकेला अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायला जाऊन राहिली, तुम्ही येता का? तुम्ही म्हणालात, "छे छे, आम्ही कशाले? तुम्ही जा." मी म्हटले बरं. झाले! मी सरळ माणूस. गिरणीत साच्यावर धागा तुटला की तुटला, जुळला की जुळला, तिसरे काही नसते. (त्याच वेळी तुमच्या हातात खिरीची वाटी होती, आणि ती तुम्ही दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा भरून घेतली होती, हे कांताबाईने मला नंतर दाखवून दिले. पण खीर वेगळी आणि लंका वेगळी, असे माझे मत होते.)

असो. तुमचे फारसे काही हुकले नाही, हे तुम्हाला पटावे म्हणून लिहितो. माझ्या आयुष्यात तीन बोटी घडल्या, आणि तिन्हींवर पाणी सारखेच ओले होते, माणसे मात्र निराळी. पहिली बोट पाटण्याची. वैशालीला जाताना गंगा ओलांडायची होती. त्या बोटीवर अर्धे प्रवासी वकील आणि अर्धे त्यांचे अशील, मधून मधून शेळ्या. सगळे एकाच वेळी बोलत होते, शेळ्याही. आमच्या शेजारी एक लाठीवाले पहेलवान बसले होते. त्यांनी पंचा सोडला, सत्तू काढले, कांदा फोडला, पीठ मळले आणि निम्मा गोळा माझ्या हातावर ठेवून दिला. विचारले नाही, पुसले नाही. मला 'नको' म्हणायला जागाच ठेवली नाही! मी तोंड उघडले ते नको म्हणायला, पण तोवर त्यात सत्तू गेले होते. पलीकडचा काठ येईपर्यंत त्यांनी मला त्यांच्या जमिनीच्या दाव्याची सगळी हकीकत सांगितली आणि उतरताना अशी मिठी मारली की जणू दाव्यात मीच त्यांचा साक्षीदार असावा.

दुसरी बोट मुंबईहून गोव्याला जाणारी. भाचा रविंद्र तिकडे नोकरीला लागला होता, त्याचे बिऱ्हाड पाहायला निघालो होतो. ही बोट म्हणजे तरंगता मोहल्ला. खालच्या डेकवर जो तो चटई पसरून आपले गाव वसवतो. एका बाजूला गोव्याचे वाजंत्री, पेटीत पिपाणी घालून लग्नाहून परत चाललेले. दुसऱ्या बाजूला केस वाढवलेली गोरी पोरे, अंगात आपल्या बायकांच्या चोळीसारखे काहीतरी. आणि मध्ये सगळे कोकण, पिशव्यांसकट. आमच्या चटईला लागून रत्नागिरीचे एक गृहस्थ होते. मोठे सभ्य. त्यांनी डबा उघडला, तळलेल्या माशाचा वास नाकात चढला, आणि त्यांनी विचारले, "जेवलात?" मी म्हटले, "हो, हो, आत्ताच." (सकाळपासून पोटात एक केळे होते.) आपल्याकडे यानंतर काय होते? समोरचा म्हणतो, 'असं कसं? दोन घास घ्या.' आपण पुन्हा नको म्हणतो. मग तो हात धरून बसवतो. या गृहस्थांनी "बरं" म्हटले आणि जेवायला लागले! मासा संपेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि ते मला समुद्रातली गलबते दाखवत होते. पणजीला उतरलो तेव्हा रविंद्र म्हणाला, "मामा, बोट लागली का? तोंड उतरलं." मी म्हटले, बोट नाही रे बाबा, रत्नागिरी लागली.

ही गोष्ट मी घरी फार रागाने सांगितली होती. तेव्हा कांताबाईने ती नीट ऐकून घेतली. तिचे असेच असते. ती गोष्ट लोणच्यासारखी मुरवते.

आता तिसरी, तुमच्या रागाची बोट. रामेश्वरला चढलो. समुद्रावर पाणी पिण्यालायक नसते असे कोणी सांगितले म्हणून आमच्या मंडळींनी इंदोऱ्यातून माठ आणला होता, आणि लू लागू नये म्हणून कांताबाईने प्रत्येकाच्या खिशात कांदा घातला होता. (लू! थंडीत! समुद्रावर! पण नागपूरचा माणूस कांद्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही.) बोट हलली, माठ हिंदकळला आणि मी डोळे मिटून तो घट्ट धरला. डोळे उघडून पाहावे तर माणसांचा नमुनाच नमुना. तमिळ व्यापारी होते, एकावर एक इतक्या लुंग्या नेसलेले की चालताना पिंपासारखे डुलत. मला कोणी सांगितले की हे लोक जाताना जाड असतात आणि परतताना सडपातळ. पांढरी साडी नेसलेल्या सिंहली उपासिका होत्या, गयेहून परत चाललेल्या, त्यांनी आमचे 'बुद्धं सरणं' ऐकले आणि आपले सुरू केले. चाल निराळी, शब्द तेच. त्या वेळी माठ विसरलो, खरे सांगतो. एक मद्रासचा सराफ होता, आणि लंकेतल्या जाफन्याचे एक पेन्शनर मास्तर, कडक इस्त्रीचे, मांडीवर छत्री आडवी धरून बसलेले.

आमच्याजवळ काटोलच्या संत्र्यांची एक गोणी होती, लंकेच्या भिक्खूंना द्यायला. अर्ध्या वाटेत कोणी पुडी सोडली की पलीकडे फळे उतरू देत नाहीत, समुद्रात टाकायला लावतात. कांताबाई उठली. "समुद्रात टाकू? माह्या जिवंतपणी?" असे म्हणून तिने पदर खोचला आणि बोटभर संत्री वाटत निघाली. मी माठ धरून मागे.

भैय्याजी, त्या दिवशी मी पाहिले की माणसाचा मुलूख त्याच्या भाषेवरून ओळखावा लागत नाही, त्याच्यापुढे संत्रे धरावे. व्यापाऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि लुंग्यांच्या कोणत्या तरी थरात संत्री दिसेनाशी झाली. उपासिकांनी कपाळाला लावून घेतली. सराफाने आधी चार बाजूंनी पारखून पाहिले. एक गोरा पोरगा होता, तो "नो, थँक्यू" म्हणाला. कांताबाईने पुन्हा धरले. तो पुन्हा म्हणाला. तिने त्याचा हात धरला, तसा तो उठून बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"काहून पळून राहिला गा हा?" ती मला म्हणाली. "जहर देऊन राहिली का मी?"

"त्याच्या मुलखात नाही म्हणजे नाही असते," मी म्हटले.

मग मास्तर आले. त्यांनी हात हलवला, छत्री सावरली, इंग्रजीत नको म्हणाले. कांताबाई त्या पोरापायी पोळलेली. ती सरळ पुढे गेली. मी मागे होतो म्हणून मला मास्तरांचे तोंड दिसले. त्यांनी मान समुद्राकडे वळवली, पण डोळे गोणीकडे होते, आणि चेहरा असा झाला होता की जणू वर्गातल्या सगळ्यांना खाऊ मिळाला आणि यांचेच नाव घ्यायचे राहिले. मी कांताबाईला खुणावले. ती परत आली, काही न विचारता तिने एक संत्रे सोलले आणि फोडी त्यांच्या छत्रीवर मांडल्या. मास्तरांनी आधी एक खाल्ली, मग सगळ्या. मग त्यांनी आमच्याबरोबर पलीकडच्या काठापर्यंत गप्पा मारल्या, म्हणजे ते इंग्रजीत आणि कांताबाई नागपुरीत, आणि दोघांचे एकमेकांना सगळे समजत होते. (काठावर आमच्या गोणीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. ती तोवर रिकामी होती.)

उतरता उतरता ती मला म्हणाली, "अवो, पाह्यलं का त्या मास्तरचं तोंड?"

"पाहिले."

"कामठीच्या विहारात भैय्याजीचं तोंड तसंच झालं असन. तुमी पाह्यलंच नाही. तुमी रत्नागिरीचे होऊन बसले."

मी रिकामी गोणी काखेत मारली आणि माठ उचलून तिच्या मागे उतरलो.

इथे पत्र संपवतो. दिलेला शब्द पाळला आहे, बाळंतपणाविषयी काही लिहिलेले नाही, हे विहीणबाईंनी साक्षीला राहून कांताबाईला कळवावे. लहानांना आशीर्वाद, जावईबापूंना जयभीम, कौशल्येला काय लिहू?

आपला,
आनंदराव

ता. क. तुमचे फारसे हुकले नाही असे वर लिहिले, ते तुमच्या समाधानासाठी. पहाटे अनुराधपूरला त्या झाडाखाली बसलो होतो, शेजारी जागा रिकामी होती आणि मला तुमचीच आठवण येत होती. मंडळी पुढच्या थंडीत पुन्हा जाणार आहेत. येता का? (तुम्ही 'छे छे' म्हणालात असे धरतो.) असं कसं? या ना.

ता. क. दुसरा. कांताबाई सांगते आहे तसेच उतरवतो. "व्याहीबुवा, मी बोलून राहिली अन् हे लिहून राहिले. याइले लंकेपर्यंत जाता येते, पण माणसाले विचारता येत नाही. (जसेच्या तसे लिहिले आहे, नोंद घ्यावी.) पोरगी आता तुमची आहे, मैनाबाईनं तिले फुलासारखं ठेवलं, मले मालूम आहे. पण कळा सुरू झाल्या की पोरगी 'माय वं' म्हनते, अन् माय इंदोऱ्यात राह्यते. तिले पाठवान का नाही? तुमी नाही म्हना, मी परत विचारीन. परत नाही म्हना, परत विचारीन. मले रत्नागिरी जमत नाही."

ता. क. तिसरा. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या ध्यानात आले असेल. पत्र टपालात टाकलेच नाही. कामठीच्या बसने मीच घेऊन आलो आहे, आणि तुम्ही आत हे वाचता आहात तोवर आम्ही दोघे तुमच्या ओट्यावर बसलो आहोत. विहीणबाई चहा विचारतील. मी 'नको, आत्ताच घेतला' असे म्हणणार आहे. कृपा करून तेवढ्यावर थांबू नका.