पेन्सिलीने लिहिलेलं नाव

मंगळवार, दिवेलागण. मल्लेश्वरम.

सुनंदाला मी आज अर्धंच सांगितलं. रुग्णालयातली नर्सची नोकरी सांभाळून ती आमच्या विभागात डॉक्टरेट करते. आज मार्गदर्शक समितीचा फॉर्म घेऊन आली. चौथ्या ओळीत पेन्सिलीने लिहिलेलं नाव: निर्मला सिस्टर. तिला वॉर्डातलं काम शिकवणाऱ्या, आता निवृत्त.

"सदस्याला पीएच.डी. हवीच," मी म्हटलं.

"पण अख्खा विषय मला त्यांच्यामुळेच सुचला, मॅडम."

"नियम आहे गं."

नियम आहेच. पण त्याच्याखाली सवलतही आहे: व्यवसायातली अनुभवी व्यक्ती असेल तर विभागप्रमुखाने एक पत्र द्यावं. विभागप्रमुख मीच. ती सवलतही मीच भांडून घालून घेतली होती, अशाच माणसांसाठी. मग आज गप्प का बसले? समितीची यादी पाचच्या आत पाठवायची होती म्हणून? की नर्सबाईंशेजारी बसायला बाकीचे प्राध्यापक नाक मुरडतील म्हणून? दुसरं कारणच खरं असावं.

"सरी, मॅडम," असं कानडीत 'बरं' म्हणाली आणि पर्समधून खोडरबर काढलं. घरून घेऊन आली होती. नाव पेन्सिलीने का लिहिलं होतं ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिथे मी सुचवलेलं नाव तिने पेनाने लिहिलं.

उठताना म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरं, मॅडम. नियम नीट समजावून सांगता."