तिन्ही बॉक्सला ‘होय’

३ फेब्रुवारी
अठराशे चाळीस नावं! मोतीबिंदूच्या शिबिराची. एक्सेलमधून हॉस्पिटलच्या जुन्या प्रोग्रामात भरायची, सोमवारपर्यंत. विजयकुमार सर गोड हसून म्हणाले, "न्हाई झालं तर दुसरी ऑपरेटर बघू, निलम." एका नावाला दोन-तीन बॉक्स उघडतात. हातानं ‘होय’ दाबत बसले तर शिबिर संपून जाईल.

४ फेब्रुवारी
बटणं आपोआप दाबणारी स्क्रिप्ट लिहिली. अडकली. मेल्या सगळ्या बॉक्सचं नाव एकच — ‘सूचना’! कोणता आलाय ते तिला कळंना. आतला मजकूर वाचायला लावलं, तर वाचेपर्यंत दुसरा वर येऊन बसतो.

५ फेब्रुवारी
तेच. डोकं उठलं.

६ फेब्रुवारी
वैतागून एकच ओळ ठेवली — ‘सूचना’ दिसली की ‘होय’ दाब. काय असंल ते असो! पळाली की बाई! दुपारपर्यंत काम खल्लास. सरांनी चहा पाजला.

९ फेब्रुवारी
यादीत सतराशे एकोणऐंशी. एकसष्ट माणसं गेली कुठं?
तिसरा बॉक्स आज नीट वाचला. ‘हे नाव आधीच आहे. जुनी नोंद पुसायची?’ आणि मी होय, होय, होय! आमच्या तांड्यावर सगळे राठोड, नावं तीच, नवऱ्यांची बी तीच. जिवनबाई रामजी राठोड दोन — एक पल्याडच्या घरातली, वयानं थोरली; एक माझी याडी, माझी आई. यादीत एकच.
सर म्हणाले, "यादी वर गेली. तुझ्या आईचं नाव आहे ना? मग गप बस." खरंच, उरलेली नोंद याडीचीच, मागून भरलेली. मी गप बसले. थू माझ्यावर.

११ फेब्रुवारी
याडीला सगळं सांगितलं. म्हणाली, "थोरलीला तर ताटातली भाकर बी दिसंना."
मी ओरडले, "तुला तरी कुठं दिसून राहिलं? नंबर तुझा हाय. गुमान जा!"
दोन वर्षं झाली तिला सुईत दोरा ओवून. एवढं एक काम तरी माझ्या हातून व्हावं.

१४ फेब्रुवारी
याडी वसमतच्या शिबिरातून आली. डोळ्याला पट्टी न्हाई.
"माझ्या जागी थोरलीला बसवलं. डॉक्टरनं तपासून घेतलं तिला. नाव बराबरच हाय की."
 तिनं चाचपत माझ्या गालावरून हात फिरवला — रडून राहिले का, ते कळावं म्हणून.