पहिली घंटी

सोमवार, ३ तारीख
आजपासून प्रसूतिगृहात कामाला लागले. हे गेल्यापासून दोन वर्षं घरात भिंतींशी बोलत होते; आता बोलायला माणसं आहेत, तीही एकेक दिवसाची! मोठ्या सिस्टर म्हणाल्या, काकू, डॉक्टरांचं अक्षर लावून लावून आमचे डोळे गेले, आता तुम्हीच लिहा. काम सोपं आहे. निरोगी बाळांचा मेंदू नीट चालतो ना, ते डॉक्टरीणबाई तपासतात, मी गुण मांडते. झोपलेल्या बाळाजवळ छोटी घंटी वाजवायची. पहिल्यांदा ते दचकतं, दुसऱ्यांदा कमी, पाचव्या-सहाव्या घंटीला ढिम्म. सवय होणं हे शहाण्या मेंदूचं लक्षण, असं त्यांच्या पुस्तकात आहे. मागून घेऊन वाचलं. मला मात्र दोन वर्षांत सवय झालेली नाही. जागं बाळ लाल चेंडूमागे नजर फिरवतं. दारापासून खिडकीपर्यंत चार पाळणे. लेकीचेही दिवस भरत आलेत, तिचं इथंच होईल.

बुधवार, ५
आज गंमतच झाली. दोन नंबरच्या बाळानं चेंडू मध्येच सोडला. दारातून कुणी चालत यावं तशी नजर सावकाश सरकवली आणि पहिल्या पाळण्यावर थांबवली. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, शेजाऱ्यांकडे डोकावण्याची खोड जन्मजातच असते. मग तीन नंबरच्या बाळानंही तेच केलं. नजर त्याच जागी.

गुरुवार, ६
पहिल्या पाळण्यातला आज पहिल्या घंटीला दचकला नाही. कालपर्यंत दोन्ही हात फाकायचा. बहिरा म्हणावं तर आईच्या हाकेला मान वळवतो. डॉक्टरीणबाईंच्या मते शेजाऱ्यांच्या घंट्या ऐकून सरावलाय. पैकीच्या पैकी गुण द्या म्हणाल्या. दिले. त्याची आई म्हणाली, पितो, झोपतो, सगळं ठीक. पण माझ्याकडे पाहुणीकडे बघावं तसं बघतो. सिस्टर म्हणाल्या, नऊ महिने कोंडून ठेवलंत, रुसणारच.
बाकीच्या बाळांच्या नजरा आज दुसऱ्या पाळण्यावर थांबल्या.

शनिवार, ८
काल दुसरं. आज तिसरं. पहिल्या घंटीला पापणीसुद्धा हलत नाही. डॉक्टरीणबाई खूश, म्हणे इतकी गुणी बाळं कधी पाहिली नव्हती. सिस्टरला सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, काकू, पुस्तकं जरा कमी वाचा.
तिघांच्याही नजरा आज चौथ्या पाळण्यावर होत्या. चौथा रिकामा आहे.
दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या.

रविवार, ९
नात झाली. हनुवटी ह्यांची. बघून रडू आवरेना.
तिला पाळण्यात ठेवू दिलं नाही. लेकीच्या खोलीत, लेकीच्या कुशीत ठेवलीय. घंटीचा आवाज तिथवर येत नाही. आजच घरी जाऊ म्हटलं, तर उद्याच्या तपासणीशिवाय सोडत नाहीत. लेक म्हणते, आई, पहिलटकरीण मी आहे का तू?
एकच रात्र.

सोमवार, १०
रात्रभर पापणी मिटली नाही. सकाळी लेक आंघोळीला गेली. मी औषधं आणायला खाली — पाच मिनिटं — वर आले तर खाट रिकामी. सिस्टरनी चांगुलपणानं — चौथा पाळणा मोकळा होता म्हणून —

उचलून आणली. आतून कडी लावलीय. झोपलीय. रंग छान, श्वास छान.

हिनं घंटी कधीच ऐकलेली नाही. सरावायचा प्रश्नच नाही. दचकली की आपलीच.

लेक दार वाजवतेय. आई, उघड, काय चाललंय, तिची प्यायची वेळ झाली. दोन्ही हातांनी वाजवतेय. ही झोपलेलीच —

गाढ झोपली असेल. लहान बाळं झोपतात गाढ.

घंटी मुठीत आहे. दचक गं राणी. एवढं एकच कर. आजीसाठी —

वाजवली.

हात हलले नाहीत. फक्त डोळे उघडले. दाराकडे बघतेय. आता सावकाश इकडे, कुणी चालत यावं तसे, ते माझ्यावर येऊन थां