चौदाव्या परिच्छेदातली सूचना

मंगळवार, १९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले आणि उत्तर आज लिहायला घेतोय, म्हणून आधी कान पकडतो. (कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. टाळत होतो.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? आणि आतोबांचा खोकला? की तुम्ही बोलतच नसल्यामुळे हा प्रश्न त्यांना वेगळ्या पत्राने विचारू?

तू लिहिलं होतंस की घरच्या फोनवर दिवसभर परक्या माणसांचे फोन येतात, कुणाला बूट हवे असतात, कुणाला पोहण्याचा वर्ग. आतोबांनीच कुठल्यातरी दुकानात नंबर लिहून दिला असणार, कारण ‘या माणसाला चाळीस वर्षांत कुणाला नाही म्हणता आलेलं नाही.’ ते कबूल करत नाहीत म्हणून तू अबोला धरलास, आणि नोव्हेंबरअखेरीस फोनच काढून टाकणार आहेस. वाचून फार वाईट वाटलं. किती वाईट वाटलं ते पुढे येईलच.

तू नेहमी विचारतेस, मी संगणकावर नक्की करतो काय. नोकरीतलं काम मलाही नीट सांगता येत नाही, पण सुट्टीतलं सांगतो. प्रत्येक वेबसाइटवर ‘आमच्याशी संपर्क साधा’ असं एक पान असतं. नाव लिहायला चौकट, निरोपाला चौकट, खाली दुकानाचा फोन नंबर. ते दर वेळी नव्याने कशाला बांधायचं, म्हणून मी एकदाच बांधून सगळ्यांसाठी मांडून ठेवलं. याला ओपन सोर्स म्हणतात. कुणीही न्यावं, उघडून बघावं, सुधारावं आणि बिघडलं की मला चारचौघांत झापावं. (शेवटची अट कुठे लिहिलेली नाही, पण तीच सर्वांत काटेकोरपणे पाळली जाते.)

यातला कोड नव्वद ओळींचा आहे. तो कसा वापरावा हे सांगणारं डॉक्युमेंटेशन, म्हणजे माहितीपत्रक, बावीस पानांचं. चौकटीचे कोपरे गोल का ठेवले, याचं एक पानभर स्पष्टीकरण आहे आणि गोल कोपरे न आवडणाऱ्यांची क्षमा मागणारा अर्धा परिच्छेद. ‘हे सोपं आहे’ असं मी तीन ठिकाणी लिहिलं होतं. ज्याला जमणार नाही त्याला लागेल, म्हणून तिन्ही वेळा खोडलं. बायको वाचून म्हणाली, “हे वाचण्यापेक्षा नवीन बांधणं लवकर होईल रे.” मी ते वहीत टिपून घेतलं आणि वाचकांच्या सहनशीलतेचे आभार मानणारा आणखी एक परिच्छेद घातला.

पण आत्या, माहितीपत्रक कुणी वाचत नाही. पहिल्याच पानावर उदाहरणाची करडी चौकट आहे, शेजारी ते जसंच्या तसं उचलायचं बटण. (बटण मीच केलं. फार अभिमान होता.) वेबसाइट बांधणारे येतात, बटण दाबतात, आपल्याकडे चिकटवतात आणि जातात. ‘इथला फोन नंबर फक्त उदाहरणापुरता आहे, तो काढून आपला घालावा’ ही सूचना चौदाव्या परिच्छेदात आहे. त्याआधी नंबर कसा तपासला जातो हे वाचकाला कळलंच पाहिजे, असं माझं मत होतं. ते मत आता राहिलेलं नाही.

उदाहरणात बनावट नंबर घालून पाहिला, तर माझ्याच कोडने तो परत फेकला. तो माझ्यासारखाच संशयी आहे. तेव्हा खरा नंबर हवा होता. घातला.

मग पाच आठवड्यांपूर्वी, तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तक्रारींच्या पानावर एकाने लिहिलं: फॉर्म बरा आहे, पण सोबत मिळणारी फोनसेवा अप्रतिम. त्याच्या गिऱ्हाइकाचे नवे बूट भिजले, तर फोनवरच्या बाईंनी आधी त्याला फैलावर घेतलं आणि मग वर्तमानपत्राचे बोळे भरून बूट सावलीत ठेवायला सांगितले. खाली सव्वीस जणांनी दुजोरा दिला होता. एकाची दाढ दुखत होती, त्याला मिठाच्या पाण्याच्या चुळा सांगितल्या होत्या. माझ्या बावीस पानांचं दोन वर्षांत एकाने कौतुक केलेलं नाही. पण तो हेवा क्षणभरच टिकला. माझ्या शाळेच्या बुटांत असे बोळे एकाच माणसाने भरले होते.

त्याच दुपारी मी तो नंबर काढला. पण लोकांनी आधीच नेलेलं परत कसं आणणार? एकतीस वेबसाइटवाल्यांना पत्रं लिहिली. नऊ जणांनी नंबर बदलला. एकाने विनवलं, बाईंना कृपया काढू नका. तुला तीनदा फोन केला. दोनदा तू “इथे बूट मिळत नाहीत!” म्हणून आपटलास. तिसऱ्यांदा मी “आत्या” म्हणालो, तर “ओळखीचा आवाज काढून फसवतोस होय रे!” आणि पुन्हा आपटलास.

गुडघ्याला जप. आतोबांना नमस्कार. बोलत नसलीस तर हा कागद त्यांच्यापुढे सरकव.

तुझा भाचा

ता. क. नंबर तुझा आहे, हे तू ओळखलंच असशील. नसशील तर आता स्पष्ट लिहितो. मी सहा वर्षांचा असताना तूच तो जिन्यात बसवून माझ्याकडून घोकून घेतलास, हरवलास तर कुणालाही म्हणून दाखव म्हणून. मी साऱ्या जगाला म्हणून दाखवला. आतोबांनी काहीही केलेलं नाही. त्यांच्याशी बोल. आणि फोन काढू नकोस. मला दुसरा कुठलाच नंबर पाठ नाही.

ता. क. २. बायकोने आत्ता हे वाचलं. म्हणाली, “मुद्द्याचं पुन्हा शेवटीच घातलंस. आत्या दुसऱ्या पानावर चष्मा काढून ठेवतील, आणि आतोबा बसतील बिचारे तसेच.” खरं आहे. पत्र पोचायला चार दिवस, महिना संपायला अकरा.

वहीत टिपून ठेवलं, उद्याचं काम: आत्याला फोन. पहिलंच वाक्य, ‘आतोबांनी नाही, मी केलं.’ नंबर पाठ आहे.