बत्तीस की चौसष्ट

तीर्थस्वरूप अक्का यांस,

नमस्कार. वाकून नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण सध्या माझी कंबर धरलेली आहे (कारण पुढे येईलच), आणि वजनमापे खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसानं पत्रातसुद्धा खोटं माप देऊ नये, म्हणून हा बसूनच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालता, की नुसतंच त्यांना हो हो म्हणता? तुमच्या बहिणीची प्रकृती चांगली आहे. गळ्याची जखम भरली, जेवण बऱ्यापैकी जातं, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत चालून येते. दुकानदार तिला बघितल्यावर स्वतःही हळू आवाजात बोलायला लागतो, हे तिला अजिबात आवडत नाही.

गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्यानंतरचं आमचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. लोकांना वाटतं, आता तिथे शांतता असेल. तसं काही नाही. ती वाटीवर चमचा वाजवून मला बोलावते, आणि 'जरा इकडे या' आणि 'अजून आला नाहीत' यांतला फरक त्या वाजवण्यातून मला स्वच्छ कळतो. बाकीचं ती पाटीवर लिहिते. आमची भांडणंसुद्धा पाटीवरच चालतात. त्यात गैरसोय एवढीच, की मी माझं म्हणणं संपवून, वर तिच्या संभाव्य उत्तराला उत्तर देऊन मोकळा होतो, तेव्हा तिचं पहिलं वाक्य अर्ध्यावर आलेलं असतं. (ती याला माझा स्वभाव म्हणते. मी याला पाटीची मर्यादा म्हणतो.)

पण पाटीचं एका ठिकाणी काहीच चालेना, आणि हे सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. आमच्या नातीला अजून वाचता येत नाही. लेकीचा फोन आला की नात आधी आजीला मागते. ऑपरेशनच्या आधी दोघींचं बोलणं एवढं लांबायचं, की मला लेकीशी बोलायला मिळायचंच नाही. आता आजी फोन कानाला लावून नुसती ऐकते, आणि पलीकडून ती पोर 'आजी, आजी' करत राहते. एक दिवस लेकीनं चाचरत सांगितलं की नात विचारते आहे, आजी माझ्यावर रुसली आहे का. मी ते तुमच्या बहिणीला सांगायला नको होतं; पण सांगितलं. तिनं पाटी पुसली, कपाटावर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत खाली काढली नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. अक्का, याच इस्पितळाच्या खिडकीत बसून तिनं निवृत्त होईपर्यंत नंबर पुकारले. तिथल्या बाकावर आम्ही बसलो असताना तिचा नंबर पुकारला गेला. पुकारणारी नवी मुलगी आकडे तोंडातल्या तोंडात बोलत होती. तुमची बहीण उठली, खिडकीपाशी थांबली, आणि हनुवटी वर करून, छाती पुढे काढून दाखवली. मुलीला काही कळलं नाही, पण पुढचा नंबर तिनं जरा मोठ्यानं पुकारला.

बाईंनी आम्हाला एक प्रोग्राम दिला. आपण टाइप करायचं, संगणक ते मोठ्यानं वाचणार. त्यांच्या पेन ड्राइव्हवर त्याच्या दोन फायली होत्या, एक बत्तीस बिटची, एक चौसष्ट बिटची. बाई म्हणाल्या, "तुमच्या संगणकात जी सिस्टिम बसवलेली आहे ती बघा आणि त्याप्रमाणे टाका." मी म्हटलं, "तपासणी हा माझा जन्माचा धंदा आहे, तुम्ही काळजी करू नका." तुमच्या बहिणीनं त्या वेळी छताकडे बघितलं.

आमचा संगणक म्हणजे जावयानं स्वतःसाठी नवा घेतल्यावर आम्हाला आणून लावून दिलेला. काट्याचा शिक्का जसा काट्यावरच असतो, तसा याचाही शिक्का त्याच्या अंगावरच कुठे तरी असणार, या हिशेबानं मी तो खोका टेबलाखालून एकट्यानं उचलला. कंबर गेली ती तेव्हा. पण शिक्का सापडला. एका बाजूला चिकटलेल्या कागदावर प्रोसेसरचं नाव होतं आणि पुढे स्पष्ट चौसष्ट. मी चौसष्टची फाईल टाकली. पडद्यावर उत्तर आलं की हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही. मी पुन्हा टाकली. (अधिकारी माणसाला एका नकारानं परत जाण्याची सवय नसते.) उत्तर तेच.

मग मी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना बोलावलं. त्यांच्याकडे संगणक आहे आणि त्याविषयी मतं त्याहून जास्त आहेत. त्यांनी आमच्या संगणकाचं पोट उघडून (म्हणजे पडद्यावरच) आत बघितलं आणि मान हलवली. त्यांच्या घरच्या संगणकात 'प्रोग्राम फाइल्स' नावाची दोन फोल्डर आहेत, एक साधं आणि एकापुढे कंसात 'एक्स ८६'. आमच्याकडे एकच. "तुमच्यात शहाऐंशीच नाही," ते म्हणाले, "मग चौसष्ट कुठून चालणार? आधी मोठं असलं पाहिजे, मग लहान." मला हे पटलं. गणित म्हणून त्यात काही चूक नव्हती. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तसं एक फोल्डर तयार केलं, त्याला ते नाव कंसासकट दिलं, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि हाताची घडी घालून उभे राहिलो. अक्का, काहीही झालं नाही. रिकाम्या घरावर 'बँक' अशी पाटी लावली म्हणून आत तिजोरी येत नाही, एवढं तरी आम्हाला कळायला हवं होतं. तुमची बहीण मागच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, म्हणून जवळ गेलो. ती हसत होती. आवाज नसलेलं हसणं मी पहिल्यांदाच बघितलं. मुख्याध्यापक आपल्या चपला शोधू लागले.

नाइलाजानं मी पुन्हा बाईंकडे गेलो, या वेळी एकटाच, आणि तुमचीच फाईल सदोष आहे असं त्यांना सौम्य शब्दांत सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही प्रोसेसर बघितलात. मी सिस्टिम बघायला सांगितली होती. प्रोसेसर चौसष्टचा असला तरी त्यावर बत्तीसची सिस्टिम बसवता येते. आणि ते एक्स शहाऐंशी म्हणजे प्रोसेसरांच्या जुन्या घराण्याचं नाव आहे. त्या फोल्डरच्या नावात तरी त्याचा अर्थ बत्तीसच." मी विचारलं, "शहाऐंशी म्हणजे बत्तीस?" त्या हो म्हणाल्या. माझ्या नोकरीत एखाद्या दुकानदारानं असं उत्तर दिलं असतं, तर मी जागच्या जागी काटा जप्त केला असता. पण त्यांनी नीट सांगितलं: सेटिंग्ज उघडा, त्यात सिस्टिम, त्यात सगळ्यात खाली 'अबाउट', आणि तिथे 'सिस्टिम टाइप' अशी ओळ असेल, ती पूर्ण वाचा. पूर्ण, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

घरी येऊन आम्ही दोघांनी मिळून ती ओळ वाचली. तिचं बोट पडद्यावर आणि माझा चष्मा तिच्या बोटावर. लिहिलं होतं: बत्तीस बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स चौसष्ट प्रोसेसर. म्हणजे काटा क्विंटल पेलणारा आणि त्यावर पारडं मात्र किलोचं. यात बेकायदेशीर काही नाही. जेवढं पारडं तेवढंच ठेवावं, एवढंच. बत्तीसची फाईल टाकली आणि ती मुकाट्यानं बसली. मी खुर्चीत बसून, या यंत्रातून तिचा पहिला शब्द कोणता निघेल याची वाट बघत होतो. तिनं माझ्या खांद्यावरून हात घालून एका बोटानं टाइप केलं, आणि बातम्या देणाऱ्या पुरुषाच्या भारदस्त आवाजात संगणक म्हणाला, "खुर्ची सोडा."

रविवारी लेकीचा फोन आला. नात लाईनवर आली आणि हिनं आधीच टाइप करून ठेवलेलं वाक्य सोडलं: "मी आजी आहे. मी तुझ्यावर रुसलेली नाही." त्या बाप्याच्या आवाजात. पलीकडे काहीच ऐकू येईना. लेकीचा श्वास तेवढा येत होता. मला वाटलं, पोर घाबरली, आता रडणार, आणि आपण केलं ते चांगलं केलं नाही. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तो हिनं बाजूला सारला. मग नातीनं विचारलं, "आजी, तुझा घसा बसलाय का?" हिनं अक्षरं शोधत शोधत टाइप केलं, "हो." तेवढ्यालासुद्धा वेळ लागला. नात म्हणाली, "मग तू सावकाश बोल. मी थांबते."

आणि ती थांबली, अक्का. शाळेतल्या भांडणापासून दुखऱ्या दातापर्यंत सगळं झालं, आणि प्रत्येक उत्तरासाठी ती पोर गप्प राहून थांबत होती. तेवढं मला कधी जमलं नाही. मी वाळत घातलेले कपडे आणायला गॅलरीत गेलो. ते ओलेच होते, पण आणले.

असो. तब्येतीला जपावं. गुडघ्याची हयगय करू नये.

तुमचा आज्ञाधारक,
बहिणीचा नवरा

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. या प्रोग्राममध्ये आपली वाक्यं दुसऱ्या माणसाकडून बोलून घेऊन भरता येतात, असं बाई म्हणाल्या. फोनवर तुमचा आवाज कुठला आणि हिचा कुठला, हे मला लग्नानंतर कित्येक वर्षं ओळखता येत नव्हतं. तेव्हा सोबतच्या कागदावरची वाक्यं (घरात रोज लागणारी आहेत) तुम्ही सावकाश बोलून पाठवावीत, ही विनंती. 'अजून आला नाहीत' हे जरा गोड म्हणावं.

आणखी एक. हे तिला अचानक ऐकवायचं आहे, म्हणून कृपया तिच्याकडे याबद्दल काही बोलू नये. पाकीट मी तिकीट आणून मगच चिकटवतो.

ता. क. अक्का, पाकीट मी चिकटवते आहे, आणि तो कागद काढून ठेवला आहे. संगणक लावून देताना जावयांनी आत बत्तीसची सिस्टिम असल्याचं मला सांगितलं होतं. इस्पितळातून आलो त्याच दिवशी मी पाटीवर ३२ लिहून यांच्यासमोर धरलं. यांना वाटलं मी उकाडा किती आहे ते सांगते आहे. यांनी पंखा वाढवला.

तुझा आवाज पाठवू नकोस. राग मानू नकोस, पण लहानपणापासून माझ्या वतीनं तूच बोलत आलीस. पाहुण्यांना माझं नावसुद्धा तूच सांगायचीस. हा संगणकातला बुवा कुणीच नाही, म्हणून तो जे बोलतो ते माझं असतं. नातीला तो चालतो. यांनाही सवय होईल.

तू मात्र ये, आणि चांगली महिनाभर राहा. तुझं बोलणं मला समोर बसून ऐकायचं आहे. कान माझे दोन्ही शाबूत आहेत.